बलाढ्य शेजाऱ्याला लागून असलेल्या काल्पनिक देशाची ओळख वेगळी कशी दाखवू? भाषा जवळपास एकच आहे.

झेंडा आणि राष्ट्रगीत सध्या बाजूला ठेवा. अशा देशांची ओळख बरीचशी ‘आम्ही म्हणजे ते नव्हे’ यातून घडते, आणि ती बारीकसारीक गोष्टींत दिसते. इंग्रजीतलं शेवटचं अक्षर अमेरिकेत ‘झी’, तर कॅनडात बहुतेक जण ‘झेड’ म्हणतात. फरक एवढासाच, पण जपलेला!

भाषा एकच असेल तर नॉर्वे बघा. 1814 मध्ये डेन्मार्कची सत्ता गेली, लिहिण्याची भाषा मात्र डॅनिशच राहिली. त्या ओढाताणीतून बोकमोल आणि नीनोर्स्क अशी दोन लेखनरूपं आली, आजही दोन्ही अधिकृत आहेत. म्हणजे ‘आपली भाषा कोणती’ यावर घरातच भांडण. कथेला याहून चांगलं काय हवं?

फिनलंड 1809 ते 1917 रशियन साम्राज्यात होता, तरी 1860 पासून त्याचं स्वतःचं चलन होतं, मार्क्का. तुमच्याकडेही एखादी म्हातारी शेजारदेशाचं नाणं घेईल, पण गल्ल्यात वेगळ्या खणात टाकेल. तिचाच नातू नोकरीसाठी सीमेपलीकडे जायला आतुर असू द्या. सगळेच कडवे देशभक्त दाखवलेत तर देश खोटा वाटेल.