'आजीवन शिक्षा' लिहू नका, आणि 'शिकणं' कुठून आलं ते बघा

प्रश्न असा आलाय की पीएचडीच्या मराठी सिनॉप्सिसमध्ये 'लाइफलाँग लर्निंग'ला आजीवन शिक्षण लिहू, निरंतर शिक्षण लिहू की आजीवन अध्ययन?

आधी एक सांगतो कारण ते वाचून वाचून डोकं उठलंय. पुण्यात सेमिनारांच्या फ्लेक्सवर हल्ली सर्रास 'आजीवन शिक्षा' दिसतं, हिंदी मजकूर उचलला आणि छापला. अहो, मराठीत शिक्षा म्हणजे दंड, आणि आजीवन शिक्षा म्हणजे जन्मठेप! हिंदीत तो शब्द बरोबर आहे, तिथेच राहू द्या. 

आता मुद्द्याचं. शिकणं आलं शिक्ष् वरून, आणि शिक्ष् हे संस्कृतातल्या शक् धातूचं इच्छार्थक, म्हणजे 'ते करायची इच्छा' सांगणारं रूप आहे. शक् म्हणजे जमणं, समर्थ असणं, ज्याच्यावरून शक्ती, शक्य आणि आपलं रोजचं 'करू शकतो' आलं. म्हणजे शकणं आणि शिकणं ही सख्खी भावंडं! शिकणं म्हणजे 'मला हे जमायला हवं' अशी इच्छा. अशीच इच्छार्थक रूपं म्हणजे ज्ञा वरून जिज्ञासा, पा वरून पिपासा (पिण्याची इच्छा), श्रु वरून शुश्रूषा (मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, सेवा नंतर), आणि भुज् वरून बुभुक्षा (खाण्याची इच्छा), जिची झिजून झिजून आपली भूक झाली. शिकणं याच घरातलं.

यावर संस्कृतवाले लगेच धातुपाठ, म्हणजे धातूंची जुनी यादी काढतात, की तिथे 'शिक्ष विद्योपादाने' (विद्या घेणे या अर्थी शिक्ष्) असा वेगळा धातू दिलाय, शक् चा संबंध नाही. दिलाय ना, पण पाणिनीच्याच सूत्रात शक् ला सन् हा इच्छार्थक प्रत्यय लागून शिक्ष् कसं होतं तेही दिलंय, आणि सिद्धान्तकौमुदी या व्याकरणग्रंथात 'धनुषि शिक्षते' या उदाहरणाचा अर्थच मुळी धनुर्विद्येत समर्थ व्हायची इच्छा करतो असा लावलाय. एवढं समोर असताना 'संबंध नाही' म्हणणं हा निव्वळ हट्ट आहे.

दुसरा हट्ट बीएडवाल्यांचा. लर्निंग म्हणजे अध्ययन, टीचिंग म्हणजे अध्यापन, लर्निंग आउटकम म्हणजे अध्ययन निष्पत्ती वगैरे. मुंबई विद्यापीठात तर आजीवन अध्ययन व विस्तार विभागच आहे. शब्द चुकीचा नाही, पण अध्ययन म्हटलं की गुरू, पाठ आणि पोथी आली. चाकणच्या कारखान्यात जुनी मशीन गेली आणि पन्नाशीचा माणूस नवीन मशीन चालवायला लागला तर तो अध्ययन करतो का? तो शिकतो, कारण त्याला ते जमायला हवंय. शिक्षणतज्ज्ञ चित्राताई नाईक यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत शाळेबाहेरच्या मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाचं काम केलं, कोथरूडच्या भारतीय शिक्षण संस्थेतून, ते संशोधन करणाऱ्याने वाचायलाच हवं, दिवसभर राबून वर्गाला येणारं मूल शक् ची इच्छा घेऊनच येतं.

आणि शिक्षण वेगळं, शिकणं वेगळं, हा फरक बाहेरही मानलाय. हॅम्बुर्गच्या युनेस्को संस्थेच्या नावात आधी 'एज्युकेशन' होतं, 2006 मध्ये ते 'लाइफलाँग लर्निंग' झालं. 2015 च्या शाश्वत विकास ध्येयांतल्या चौथ्या ध्येयातही दर्जेदार एज्युकेशन आणि आयुष्यभराचं लर्निंग हे दोन्ही शब्द वेगवेगळे आहेत. तुम्ही दोन्हींना 'शिक्षण' लिहिलंत तर संस्थेनं द्यायचं काय आणि माणसानं स्वतः करायचं काय हेच तुमच्या प्रबंधात कळणार नाही.

हां, तुमचा प्रश्न. निरंतर शिक्षण म्हणजे कंटिन्यूइंग एज्युकेशन, औपचारिक शिक्षण संपल्यावरचे कोर्सेस, ते इथे लिहू नका. शीर्षकात 'आयुष्यभर शिकणे' लिहा. गाइड अडून बसले तर 'आजीवन अध्ययन' चालवून घ्या, पण आत मजकुरात शिकणे हे क्रियापद सोडू नका.