ताटावरचा तंटा

“मॅडम, ह्यांनी जगायचं मनावरच घेतलं नाही. तांबडा-पांढरा केला तरी ताटाला हात लावत नाहीत.” काकू तावातावानं बोलत होत्या, काका खिडकीबाहेर बघत होते. स्टेम सेल प्रत्यारोपण करून आलेल्या माणसाच्या घरचे ही तक्रार हमखास घेऊन येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काकांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. त्यांच्याच स्टेम पेशी (ज्यांच्यापासून रक्तपेशी बनतात त्या) काढून ठेवल्या, मेल्फलान या केमोच्या औषधाचा मोठा डोस दिला आणि मग त्या पेशी परत चढवल्या. हे औषध रोगट पेशींबरोबर तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तरही सोलवटून काढतं. तोंडातले फोड बहुतेकांचे दोन-तीन आठवड्यांत भरतात. चव मात्र परतायला महिने घेते.

मी काकूंना थोडा वेळ बाहेर बसवलं. काका म्हणाले, “मटण लोखंडासारखं लागतंय. आन् घास उचलला की घरातली सगळी तोंडाकडं बघत बसत्यात.” पहिली अडचण औषधाची होती, दुसरी घरच्यांची. जगण्याची इच्छा गेल्याचं मला कुठंच दिसलं नाही.

काकूंना हे पटायला वेळ लागला. आपल्याकडे वाढणाऱ्या बाईला ताट परत आलं की स्वतःच परत पाठवल्यासारखं वाटतं. त्यांना मी एकच काम दिलं: आग्रह बंद, वजनाची नोंद आठवड्यातून एकदा. बाकी हिशोब आहारतज्ज्ञांचा. या काळात प्रथिनं साधारण किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला 72 ते 90 ग्रॅम. अळणी रस्सा पोटाला सोसतो म्हणून घरोघरी वाट्या भरून देतात, पण नुसत्या पाण्यात प्रथिनं फारशी नसतात. त्यात मऊ शिजलेला खिमा वाटून घालायचा. पूर्ण उकडलेलं अंडं, मुगाचं घट्ट वरण, असं थोडं थोडं दर दोन तासांनी. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून कोमट किंवा गार द्यायचं. आणि फोडणी काका घराबाहेर असताना!

काकांनी स्वतःहून एकच गोष्ट मागितली होती, गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध. काकू लगेच तयार झाल्या, इतक्या दिवसांनी काही मागितलं म्हणून. तिथं मात्र मी आडवी आले. निरशा दुधातले जंतू या काळात महागात पडतात. तेच दूध उकळून, गार करून चालेल. मिसळीवरचा कच्चा कांदाही डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

उठता उठता काकूंनी हळूच विचारलं, “जेवणासाठी नळी घालायला लागली तर शेवट जवळ आला म्हणायचं काय?” नाही. तोंड साथ देत नाही तेवढ्यापुरती ती सोय असते, नंतर काढतात. मात्र 38 अंश किंवा जास्त ताप, पाणीही न टिकणं, गिळताना दुखणं, थांबत नाहीत असे जुलाब, वजन भराभर उतरणं, यांपैकी काही झालं तर माझ्याकडे न येता त्याच दिवशी प्रत्यारोपण विभागाला फोन करायचा.

पुढच्या भेटीत वजन वाढलं नव्हतं, पण उतरायचं थांबलं होतं. दीर मटणाचा डबा घेऊन येतातच, त्यांना कोण सांगणार हा प्रश्न बाकी होता. ते काम काकांनी अंगावर घेतलं.