वाचकांचे प्रश्न : जमिनीला न दुखावणारे लहान घर

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची उताराची जागा असून तेथील जुने कौलारू घर आता पडायला आले आहे. निवृत्तीनंतर आम्ही दोघेच तेथे राहणार आहोत, मुले सुट्टीत येतील. सिमेंट टाळून चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे, सुमारे १,५०० चौरस फुटांचे घर बांधले, तर ते निसर्गाच्या दृष्टीने योग्य ठरेल का? – एक वाचिका, मुंबई

उत्तर : सिमेंट कमी करण्याचा आपला विचार योग्य आहे. सिमेंट तयार करताना चुनखडीचे मिश्रण भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा निम्म्याहून अधिक भाग इंधनातून नव्हे, तर खुद्द चुनखडीच्या विघटनातून येतो. त्यामुळे भट्टी कितीही सुधारली तरी हा भार पूर्णपणे टळत नाही. परंतु चिरा जवळचा आहे, एवढ्यानेच तो निर्दोष ठरत नाही. खाण सुरू झाली की सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, मातीचा पातळ थर, त्यात उगवणारी पावसाळी फुले आणि बेडकांची उथळ डबकी हे सारे कायमचे नाहीसे होते. कोकणातील कातळशिल्पेही अशाच सड्यांवर आहेत, आणि २०२२ मध्ये त्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला आहे. म्हणून चिरा की वीट, हे ठरवण्याआधी आपल्याला मुळात किती चिरे लागणार आहेत, हे ठरवावे.

दोन माणसांना ६०० चौरस फूट पुरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. एक निजायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि समोर ऐसपैस पडवी एवढे पुष्कळ झाले. मुलांच्या आठ-पंधरा दिवसांच्या मुक्कामासाठी वर्षभर बंद राहणाऱ्या दोन खोल्या बांधू नयेत. आपल्या जुन्या घरांत पाहुण्यांची अंथरुणे ओटीवर आणि माजघरातच पडत असत.

जुने घर उतरवताना यंत्र लावू नका. माणसांकडून ते वरून खाली उतरवून घ्या. मंगलोरी कौले, वासे, दारांच्या चौकटी आणि चिरे यांतील बराच भाग पुन्हा वापरता येतो. मातीत किंवा चुन्यात बसवलेला चिरा अखंड सुटतो; सिमेंटात बसवलेला फुटतो. नव्या भिंतीसाठीही चुनाच वापरलात, तर पुढच्या पिढीला हेच चिरे तिसऱ्यांदा वापरता येतील. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळायला वेळ लागेल, तो वेळ अवश्य द्यावा.

उतार कापून सपाट करणे हा कोकणातील बांधकामाचा सर्वांत घातक प्रकार आहे, कारण पाय सुटलेली माती मुसळधार पावसात खाली सरकते आणि पऱ्याची, म्हणजे ओढ्याची, वाट बदलून शेजाऱ्याच्या अंगणात शिरते. जोते उतारानुसार पायऱ्यापायऱ्यांनी चढवा आणि घर झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसवा. दमट हवेत जाड भिंतीपेक्षा आरपार वाऱ्याचा उपयोग अधिक होतो. त्यासाठी समोरासमोर खिडक्या ठेवा, आणि पश्चिमेच्या तिरप्या सरी भिंतीला लागू नयेत यासाठी वळचण निदान तीन फूट पुढे काढा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. पडवी व वळचणीसह आपले छप्पर ८० चौरस मीटर आणि पाऊस ३,००० मिलिमीटर धरला, तर वर्षाला २,४०,००० लिटर पाणी पागोळ्यांतून वाहते. हे सारे साठवण्यासाठी काँक्रीटची प्रचंड टाकी बांधणे हा उलटा व्यवहार होईल. दोघांच्या पिण्या-स्वयंपाकाला रोज २० लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या काळासाठी २,४०० लिटर पुरतात. म्हणून ५,००० लिटरची झाकलेली टाकी पुरेशी आहे. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे आणि उरलेले विहिरीच्या वरच्या अंगाला जिरू द्यावे.

प्रश्न : केरळमधील वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या कामाने प्रभावित होऊन औसा तालुक्यातील शेतात मातीचे लहान घर बांधावे असे वाटते. घरातील वडीलधारी मंडळी मात्र १९९३ च्या भूकंपाच्या आठवणीने ठाम विरोध करतात. – एक वाचक, लातूर

उत्तर : वडीलधाऱ्यांची भीती साधार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली, ती मुख्यत्वे स्वतःच्याच घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले व बाहेरचे थर आरपार दगडांनी एकमेकांना बांधलेले नव्हते, आणि वर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, काही टन ओझे होते. हादऱ्याने थर फाकले आणि माळवद खाली आले. दोष मातीपेक्षा या रचनेत होता, म्हणून उपायही रचनेतच शोधावा लागतो.

बेकर यांचे नाव आपण घेतलेच आहे, तर त्यांच्या कामातला काटेकोरपणाही घ्यावा. विटा उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवण्याच्या त्यांच्या पद्धतीत सुमारे चतुर्थांश विटा वाचतात. परंतु त्यासाठी मोजमापात हयगय न करणारा गवंडी लागतो. आपल्याकडे काळी माती भिंतीला चालणार नाही, कारण ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. मुरमाड, रेतीमिश्रित मातीत पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या आणि तीन आठवडे ओल्या ठेवलेल्या विटा वापराव्यात. जोते, चौकटीचा माथा आणि छप्पर या तिन्ही पातळ्यांवर चहूबाजूंनी सलग सळईयुक्त काँक्रीटचे पट्टे द्यावेत, कोपऱ्यांत उभ्या सळया घालाव्यात आणि छप्पर हलके ठेवावे. एवढे सिमेंट व लोखंड जीव वाचवण्यासाठी आहे. त्यात काटकसर करू नये. पाया काळ्या मातीत येणार असल्याने त्याचा आराखडा संरचना अभियंत्याकडूनच करून घ्यावा. ही सारी आखणी मंडळींसमोर मांडा आणि त्यांच्या शंकांची उत्तरे अभियंत्यालाच देऊ द्या.

प्रश्न : बांबूला कीड लागते, म्हणून छपरासाठी तो टाळावा का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : टाळू नये. आपल्याच भागातील माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो आणि वाशांसाठी उत्तम ठरतो. तीन वर्षांहून जुनाच बांबू पावसाळ्यानंतर तोडावा, कारण कोवळ्या बांबूत कीड लवकर शिरते. तो बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून सावलीत वाळवावा. हे द्रव्य पावसाने धुऊन जाते, त्यामुळे बांबूचे टोक कौलांबाहेर उघडे राहू देऊ नये आणि खांबाचा पाय जमिनीत न पुरता दगडी बैठकीवर टेकवावा.