वाचक विचारतात: गंजीतली घोणस, रातची लाईट अन् कोपीतली मण्यार

सोयाबीन काढणी जवळ आली की या सदरात सापाचे प्रश्न वाढतात, यंदा तर फवारणीचे, खताचे सगळे प्रश्न बाजूला ठेवून अख्खं पान सापालाच द्यावं लागलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं टाकली नाहीत.

प्रश्न: सर, मागच्या साली सोयाबीनच्या गंजीत घोणस निघाली तेव्हापासून बायका कामाला यायला तयार नाहीत. एकजण म्हणतो चारी बाजूनं फिनेल मारा, दुसरा म्हणतो गंधक टाका. नेमकं काय मारावं? (ता. औसा, जि. लातूर)

काहीच मारू नका भाऊ. फिनेल, गंधक, रॉकेल, लसणाचं पाणी, असल्या कशाच्याही भरवशावर गंजीत हात घालता येत नाही, उलट फिनेल मारलंय म्हणून माणूस बिनधास्त होतो अन् तिथंच घात होतो. आणि बायका येत नाहीत म्हणता, त्यांचं काय चुकलं? गंजी कवेत धरून मळणी यंत्रात टाकायचं काम त्याच करतात, तुम्ही-आम्ही बांधावर उभं राहून पोती मोजतो.

घोणस गंजीत येते ती उंदरासाठी, अन् खाली सावली-गारवा मिळतो म्हणून. अंगावर साखळीसारखे तपकिरी गोल ठिपके असतात, पण वाळलेल्या पाल्यात ते दिसतच नाहीत. शिवाय ही पळत नाही. धामण चाहूल लागली की सुसाट सुटते, घोणस आहे तिथंच गोळा होऊन बसते अन् कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. तसा आवाज आला तर आधी पाय जागीच थांबवा, कुठून येतोय ते नजरेनं शोधा, मग मागं सरका, आवाज ऐकून उडी मारायला गेलेला माणूस कधी कधी नेमका तिच्यावरच पडतो. अन् दर वेळी फुसकारेलच असंही नाही.

म्हणून गंजी आधी लांब दांड्याच्या दाताळ्यानं वरून सारून, हलवून घ्या, मगच हात. रात्रभर ताडपत्रीखाली झाकून ठेवली असेल तर सकाळी ताडपत्री उचलायची पण एक रीत आहे: पलीकडची कड आकडीच्या काठीनं आपल्याकडं ओढायची, म्हणजे उघडी बाजू तिकडं होते अन् मधे ताडपत्रीचा आडोसा राहतो. आपण नेमकं उलटं करतो, पायाजवळची कड वाकून हातानं उचलतो. विळ्यानं कापताना धोका डाव्या हाताला जास्त, कारण बुडाशी मूठ धरतो तो डावा. दोन्ही हातांत चामडी मोजे घालून काम उरकत नाही हे मला पण माहितीये, पण निदान डाव्या हाताला तरी घाला. घोणशीचे दात लांब असतात, मोजा म्हणजे चिलखत नाही, तरी उघड्या हातापेक्षा लाख पटीनं बरा. मजुरांचे मोजे अन् गमबूट मालकानंच आणून द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे, हार्वेस्टरला पैसे मोजताना आपण कुठं कुरकुर करतो.

प्रश्न: आमच्याकडं शेतीची लाईट आठवडाभर दिवसा अन् आठवडाभर रात्री असते. रात्री पाणी द्यायला जाताना काठी आपटत चाललं की साप बाजूला होतो, हे खरं का? (ता. घनसावंगी, जि. जालना)

अर्धं खरं. जमिनीतली कंपनं सापाला लगेच कळतात, नाग किंवा धामण बहुतेक वेळा वाट सोडतात. पण घोणस अन् फुरसे आहे तिथंच बसून राहणाऱ्या जाती, त्यांना काठी आपटली काय अन् नाही आपटली काय. फुरसं तर वीतभर-हातभर, दगडधोंड्याच्या माळावर मातीच्याच रंगाचं, त्यामुळं काठीपेक्षा उजेड महत्त्वाचा. मोबाईलची बॅटरी धरू नका, एक हात अडकतो अन् उजेड पण लांब पडत नाही, डोक्याला बांधायची हेडलाईट घ्या म्हणजे खोरं धरायला दोन्ही हात मोकळे राहतात अन् जिकडं नजर तिकडं उजेड. पायात घोट्याच्या वरपर्यंत गमबूट. चिखलात बूट रुततात म्हणून अनवाणी पाण्याची दारं धरणारे लोक मी बघतो, त्यांना एवढंच विचारतो की बूट काढायला पाच मिनिटं जातात का दवाखान्यात पाच दिवस?

आणखी एक जागा म्हणजे स्टार्टरची पेटी. आत ऊब असते, पाली अन् बेडकं येतात, त्यांच्यामागं साप. झाकण काठीनं उघडा, आत उजेड मारा, मगच बटण दाबा. पेटीत साप दिसला तर ओल्या काठीनं ढोसत बसू नका, आत करंट आहे, साप राहिला बाजूला अन् शॉक बसायचा.

प्रश्न: दादा, आम्ही दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जातो. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, खालीच झोपावं लागतं, लेकरं लहान आहेत. मागं आमच्या टोळीतला एक पोरगा झोपेतच गेला, कुणालाच कळलं नाही काय झालं. (ता. वडवणी, जि. बीड)

ताई, त्या लेकराचं काय झालं हे इथून सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून पहिली आठवते मण्यार. ही दिवसा सहसा दिसत नाही, रात्री फिरते, अन् जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश दुखत नाही म्हटलं तरी चालेल, सूज नाही, रक्त नाही, मुंगी चावल्यागत वाटतं अन् माणूस कुस बदलून परत झोपतो. मग पहाटे पोट दुखतं, उलटी होते, घसा आवळल्यासारखा होतो, थुंकी गिळवत नाही, अन् डोळ्याच्या पापण्या जड होऊन खाली येतात. घरचे म्हणतात पित्त झालं, शिळं खाल्लं असेल, अन् सोडा पाजतात. पापणी उचलत नाही अन् पोट दुखतंय, एवढं जरी दिसलं तरी खूण सापडो न सापडो, गाडी काढायची. पुढं श्वासाचे स्नायू थांबतात, तिथं व्हेंटिलेटर लागतो.

उपाय मात्र खर्चाचा नाही. मच्छरदाणी लावा अन् तिची कड चारी बाजूनं अंथरुणाखाली गच्च खोचा, नुसती वरून सोडलेली मच्छरदाणी सापाला दारासारखी. बाज नेता आली तर लेकरांना बाजेवर झोपवा. ऊस, पाचट, सरपण कोपीला टेकून रचू नका. सकाळी गोधडी झटकून मगच घडी घाला. अन् कारखान्याच्या तळावर उतरल्या दिवशीच मुकादमाला विचारून ठेवा की जवळ सरकारी दवाखाना कोणता, तिथं सापाचं इंजेक्शन आहे का, रात्री गाडी कुणाची मिळेल. परमुलखात रात्री दोनला ही चौकशी होत नसते.

प्रश्न: साप चावल्यावर दोरी बांधायची का नाही? आमच्याकडं आधी मारुतीच्या देवळात नेतात, लिंबाचा पाला खायला देतात, कडू लागला तर विष नाही म्हणतात. (ता. जिंतूर, जि. परभणी)

दोरी नको, चिरा नको, तोंडानं ओढणं नको, बर्फ नको. घोणशीच्या दंशात आधीच सूज वाढत असते, त्यात दोरी आवळली की तिथलं मांस सडतं. कुणी आधीच बांधली असेल तर वाटेत खस्सकन सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडवा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, कडं लगेच काढा, सूज आल्यावर कापावी लागतात. हात-पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालू देऊ नका. 108 ला फोन करा, गाडी यायला उशीर असेल तर मोटारसायकलवर मधे बसवून मागं एकजण धरायला बसवा अन् निघा.

लिंबाच्या पाल्याचं म्हणाल तर तो सगळ्यांनाच कडू लागतो, विष चढलेल्याला पण. देवळात नेलेली माणसं बरी होतात हे खोटं नाही, कारण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, अन् विषारी साप पण दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे ती घरी बसून पण बरी झालीच असती. नारळ नंतर फोडा की, मारुती कुठं पळून जातोय.

साप मारून पिशवीत आणायची गरज नाही, मेलेल्या सापाचं तुटलेलं मुंडकं पण काही वेळ चावू शकतं. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर राहू द्या. आपल्याकडं मिळणारं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच आहे, डॉक्टर लक्षणं बघूनच देतात. घोणस-फुरशाचा संशय असेल तर काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं तसंच ठेवतात, गोठलं नाही की विष रक्तात भिनलंय. सुरुवातीलाच 10 च्या आसपास बाटल्या लागू शकतात, अन् लहान लेकराला पण तेवढ्याच, कारण सापानं विष माणूस बघून कमी सोडलेलं नसतं. हे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. काही झालं नाही असं वाटलं तरी 24 तास दवाखान्यातच थांबा.

प्रश्न: सोबत फोटो पाठवलाय. ही मण्यार आहे का? आम्ही मारून टाकली. (हिंगोली)

कवड्या आहे, बिनविषारी. याचे पट्टे मानेजवळ ठळक अन् शेपटीकडं पुसट होत जातात, मण्यारीचं उलटं, तोंडाकडं पुसट अन् शेपटीकडं ठळक. पण हे वाचून रात्री बॅटरी धरून पट्टे तपासायला वाकू नका. बऱ्याच जातींचे साप मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या विरुद्ध आहे, गावातल्या सर्पमित्राचा किंवा वनविभागाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

प्रश्न: साप चावून शेतकरी गेला तर सरकारी मदत मिळते का? (ता. भूम, जि. धाराशिव)

मिळते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश येतो, मृत्यू झाला तर वारसाला 2 लाख रुपये. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी अन् त्याच्या घरातला एक सदस्य यात धरतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, वेळ न लावता. फाईल अडते ती कागदावर: दवाखान्याची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन. मांत्रिकाकडं गेलेल्या माणसाचा यातला एक पण कागद तयार होत नाही, अन् मग घरची बाई वर्षभर तहसीलच्या चकरा मारते.