‘आम्ही चहाला जाऊ’ की ‘आपण चहाला जाऊ’?

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांचा पाटण्याहून आलेला सहकारी हौसेने मराठी शिकतोय. परवा तो शेजारच्या दोघा-तिघांना म्हणाला, “चार वाजता आम्ही चहाला जाऊ.” चार वाजले, कोणी उठलं नाही, आणि मागून एकाने शेराही मारला, “फार शिष्ट आहे.” वाचक विचारतात, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत खरंच एवढा फरक आहे, की आपणच उगाच मनाला लावून घेतो?

फरक आहे, आणि चांगला मोठा आहे. ‘आपण’मध्ये ऐकणारा माणूस धरलेला असतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर असतो. क्रियापद इथे मदतीला येत नाही. ‘आपण जाऊ’, ‘आम्ही जाऊ’, दोन्हीकडे ‘जाऊ’च. समोरच्याला बरोबर घ्यायचं की नाही, हे सगळं त्या एका सर्वनामावर असतं. म्हणून ते चुकलं की नुसतं व्याकरण चुकत नाही, माणूस दुखावतो.

माझ्याच बाबतीत घडलेलं सांगते. इंदिरानगरला आमच्या शेजारी कानपूरच्या भाभी राहायला आल्या. एका शनिवारी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “उद्या सकाळी आम्ही पांडवलेणीला जाणार.” मी म्हटलं, “वा, या जाऊन. लवकर निघा, ऊन लागतं.” दुसऱ्या दिवशी साडेसहाला दूध घ्यायला खाली उतरले, तर भाभी फाटकाशी उभ्या. हातातल्या पिशवीत दोन डबे, त्यातला एक माझ्यासाठी. त्यांनी मला बोलावलं होतं आणि मी त्यांना निरोप देऊन मोकळी झाले होते.

मग चूक कुठे झाली? त्यांच्या हिंदीत ‘हम’ एकच. त्यात मीही येते आणि मला सोडून बाकीचेही येतात. गंमत म्हणजे हा ‘हम’ आणि आपला ‘आम्ही’ एकाच प्राकृत ‘अम्हे’ची लेकरं. त्यामुळे ‘हम’ म्हणजे ‘आम्ही’ हे त्यांनी अगदी बरोबर जुळवलं. ‘आपण’ त्यांनी मुद्दाम टाळला, कारण कानाला तो ‘आप’ वाटतो, म्हणजे ‘तुम्ही’. तेही नातं खरंच आहे. दोन्ही शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृतातल्या ‘अप्प’, ‘अप्पण’ या रूपांतून आले. मूळ अर्थ ‘स्वतः’. हिंदीने त्याला आदराने समोर बसवलं, मराठीने आपल्या शेजारी. आदरार्थी ‘आपण’ आपल्याकडेही आहे, पण तिथे क्रियापद सांगतं: ‘आपण आलात’ म्हणजे तुम्ही, ‘आपण आलो’ म्हणजे तुम्ही-मी मिळून.

त्या दिवशी आम्ही दोघी गेलोच. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा प्राकृतातला लेख आहे. गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे इथल्याच अधिकाऱ्याला, राजा कळवतो की दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमीन मोजायचं जुनं माप) शेत भिक्षूंना दिलंय. त्या शेताला तो ‘अम्हखेत’ म्हणतो, आमचं शेत. इतक्या जुन्या काळी हा ‘अम्ह’ आपल्या गावच्या कातळात कोरला गेलाय. भाभींना तो दाखवला तेव्हा मलाच भरून आलं. तेव्हाच्या प्राकृतात मात्र आजची वाटणी नव्हती, ‘अम्ह’मध्ये सगळेच यायचे. संस्कृतातल्या ‘वयम्’चंही तेच. ही वाटणी तमिळमध्ये आहे (नाम, नांगळ), तेलुगूत आहे (मनम, मेमु) आणि गुजरातीतही आहे (आपणे, अमे). द्राविडी भाषांच्या शेजारामुळे ती मराठीत रुजली, असं अनेक अभ्यासक मानतात. आणि सगळी हिंदीही सारखी नाही बरं. इंदूर-भोपाळकडचा माणूस ‘अपन चलेंगे’ म्हणतो. तो तुमच्या कारखान्यात आला असता तर हा घोटाळा झालाच नसता.

परक्याची चूक आपल्याला लगेच खुपते, पण घरात हेच दोन शब्द आपण किती जपून वापरतो ते बघा. नवी सून म्हणते, “आमच्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत.” सासूबाई म्हणतात, “आपल्याकडे घालतात.” ज्या दिवशी ती माहेरी जाऊन सासरबद्दल ‘आमच्याकडे’ म्हणते, त्या दिवशी तिच्या आईच्या काळजात काहीतरी हलतं. उलट, भाजीवाला अनोळखी गिऱ्हाइकाला “आपल्याकडे ताजाच माल असतो” म्हणतो आणि डॉक्टर “आपण एक्स-रे काढू” म्हणतात. एक्स-रे एकट्या पेशंटचाच निघतो, पण तो ‘आपण’ धीर देतो. साहेबाचं “आपण हे आजच संपवू” मात्र सरळ हुकूम असतो, आणि नव्याने मराठी शिकणाऱ्याला तो कळायला वेळ लागतो.

तेव्हा तुमच्या सहकाऱ्याला शिष्ट म्हणणं अन्यायाचं आहे. त्याने सगळ्यांना बोलावलंच होतं. त्याला एवढंच सांगा: वाक्य बोलण्याआधी समोरच्याकडे बघायचं; तो त्यात असेल तर ‘आपण’, नसेल तर ‘आम्ही’. सवय होईपर्यंत तो चार वाजता ‘आम्ही’ म्हणाला, तरी उठा आणि त्याच्याबरोबर टपरीवर जा.