टी-शर्ट, जेवण आणि सर्टिफिकेट : जाऊ की नको?

प्रश्न : ताई, मी निपाणीची, बी.कॉम. सेकंड इयरला. बेळगावात दोन दिवसांचा म्युझिक फेस्टिव्हल होणाराय, सगळे नवीन बँड, रॅपर, स्वतः गाणी लिहिणारे असे. व्हॉलंटियर पायजेत म्हणून इन्स्टावर फॉर्म आलाय. पैसे नाहीत, टी-शर्ट, जेवण आणि सर्टिफिकेट देतात. बाबा म्हणतात फुकट राबायला कशाला जातीस. माझं कन्नड पण जेमतेम आहे. जाऊ का? आणि गाणं ऐकायला मिळतं का खरंच?

उत्तर : गाण्याचं आधी सांगते, कारण सगळे त्याच आशेवर फॉर्म भरतात. गेटवर ड्युटी लागली तर लांबून नुसतं धाड धाड ऐकू येणार आणि तू पब्लिकच्या हातात रिस्टबँड बांधत बसणार. ऐकायचंच असेल तर फॉर्ममध्ये स्टेज नायतर आर्टिस्ट डेस्क लिही. आणि खरी मजा संध्याकाळी नसतेच, दुपारी साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघतात तेव्हा असते. मैदान रिकामं, ड्रमवाला एकच ड्रम बडवत बसलेला, कन्सोलवाला नुसतं "परत, परत" म्हणतोय, गाणाऱ्याला मॉनिटरमधनं, म्हणजे त्याच्याकडं तोंड केलेल्या स्पीकरमधनं, स्वतःचाच आवाज येईना म्हणून तो वर बोट दाखवतोय, आणि मग कधीतरी सगळं जुळून येतं. तिकीट काढून आलेल्याला यातलं काही दिसत नाही.

नवीन कलाकारांच्या फेस्टिव्हलात व्हॉलंटियरला कामही जास्त पडतं बघ. मोठ्या गायकाबरोबर मॅनेजर येतो, स्वतःचा साउंडवाला येतो, पण धारवाडचा नायतर कोल्हापूरचा नवा बँड बसनं गिटार मांडीवर घेऊन येतो, स्टेज कुठल्या बाजूला हे सुद्धा त्यांना माहीत नसतं. स्लॉट अर्ध्या तासाचा असला तर बँड बदलायला मधे पंधरा-वीस मिनिटं मिळतात, त्यात एकाची वायर सापडेना म्हणून दहा मिनिटं गेली की ती शेवटच्याच्या वाट्यातनं जातात, कारण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमानुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षात 15 दिवस 12 पर्यंत सूट देता येते, पण ते दिवस सरकार ठरवतं, आयोजक नाही. म्हणजे शेवटचा पोरगा दोन गाणी म्हणून खाली उतरणार. हे टाळता येतं ते घड्याळ बघणाऱ्या, पुढच्या बँडला आधीच शोधून स्टेजमागं आणून उभं करणाऱ्या पोरीमुळं. माझ्या मते सगळ्या फेस्टिव्हलात हेच काम करण्यासारखं आहे, तेच माग.

आता बाबांचं. ते काही अगदीच चुकीचं बोलत नाहीत. तिकीट विकतात, स्पॉन्सरचे बॅनर लागतात, मांडववाल्याला पैसे, बाउन्सरला पैसे, मग पोरांनीच फुकट का? आयोजक म्हणतील गणपती मंडळाच्या कार्यकर्त्याला कोण पगार देतंय. पण मंडळ आपल्याच गल्लीचं असतं की, वर्गणी आपली आणि हिशोब पण मागता येतो. शिकायला मिळत असेल आणि सहा-सात तासांत सुटका होत असेल तर फुकट करायला माझी ना नाही. खुर्च्या-बॅरिकेड ओढायचं काम असेल तर ती मजुरी, तिचे पैसे घ्यायचे. गर्दी अडवणं तर सिक्युरिटीचं काम, पैसे दिले तरी करू नको. रजिस्ट्रेशनचे नायतर डिपॉझिटचे पैसे मागितले तर फॉर्म तिथंच बंद कर. बाकी ड्युटी कधी सुटणार, जेवायला कधी सोडणार, रात्री मुलींना पोचवणार कोण, अडचणीत फोन कुणाला करायचा, हे व्हॉट्सॲपवर लिहून घे आणि तोच मेसेज बाबांना दाखव. सर्टिफिकेटपेक्षा ते ह्यानं ऐकतील.

जाताना कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला बायकांना पैसे पडत नाहीत, कर्नाटकचा पत्ता असलेलं आधार तेवढं जवळ ठेव. रात्री अकराला स्टँडवर उभारून निपाणीच्या गाडीची वाट बघणं मात्र नको, पाऊणशे किलोमीटर आहे. बेळगावात मावशी, आत्या कोण असेल तर तिथं राहा, नाहीतर दुपारची शिफ्ट माग. साउंडचेक त्यातच येतो.

कन्नडचं टेन्शन घेऊ नको. गेटवर "बर्री" (या), "स्वल्प ताळ्री" (जरा थांबा) एवढ्यावर निम्मं काम होतं, बेळगावचं पब्लिक एका वाक्यात तीन भाषा बोलतंय. भाषेवरनं कोण वाद काढला तर को-ऑर्डिनेटरला बोलाव आणि बाजूला हो, टी-शर्ट वाद मिटवायला दिलेला नाही. पोलिसांचा 112 आणि ॲम्ब्युलन्सचा 108, आणि आपण मैदानाच्या कुठल्या गेटला आहोत हे कन्नडमधनं सांगायला येऊ दे, एवढं बास.

एक राहिलंच, कान. मेडिकलमध्ये फोमचे इयरप्लग मिळतात, ते घेऊन जा. 85 डेसिबलचा आवाज कानाला दिवसात आठ तास चालतो, पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे 100 ला पंधराच मिनिटं. स्पीकरसमोर उभं केलं तर जागा बदलून माग, लाजू नको.

प्रश्न : बँकेतून रिटायर झालोय, वय 63, बेळगावात शहापूरला राहतो. दरवर्षी पुण्याला सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जातो. अशा पोराटोरांच्या फेस्टिव्हलमध्ये माझ्यासारख्यानं व्हॉलंटियर म्हणून गेलं तर हसतील काय?

उत्तर : काका, हसणार नाहीत, सुरवातीला कुणाचे तरी वडील समजतील एवढंच. तिकीट काउंटरचा रात्रीचा हिशोब जुळवायला तुमच्यासारखा माणूस मिळाला तर आयोजक पाया पडतील, कारण कॅश, यूपीआय आणि फुकट पास यांचा मेळ पोरांना काही केल्या लागत नाही. ख्यालाच्या सवयीला चार मिनिटांत संपणारं गाणं तोकडं वाटेल, तरी "पोराटोरांचं" म्हणू नका हो. 1953 ला भीमसेन जोशींनी सवाई सुरू केला तेव्हा ते स्वतः तिशीतलेच होते, आणि आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व तर लहानपणीच मैफली करत होते. फॉर्म भरताना दोनच गोष्टी विचारा, काउंटरला खुर्ची आहे का आणि कॅश कमी पडली तर ती कोण भरणार. दुसऱ्याचं उत्तर "बघू" असं आलं तर सरळ तिकीट काढून ऐकायला जा.