दोन घोड्या आणि पगाराची पावती

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

चंदी, नालबंदी, घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराचा पगार धरून दोन घोड्यांपायी वर्षात पाऊण लाखाचा खड्डा पडला, तो प्राप्तिकर भरताना पगारातून वजा होईल का, असं विचारलंस. नाही होणार. धंद्यातला तोटा त्याच वर्षीच्या व्याजातून, घरभाड्यातून वजा होतो. पगाराला तो शिवत नाही. आणि तुझं प्रकरण धंद्यापर्यंत पोचलंय तरी का?

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी नाचवायची, मित्राच्या वरातीला फुकट द्यायची, हा शौक. त्याचा खर्च घरखर्चात. तीच घोडी घोड्याकडून भरवून घेऊन शिंगरू विकलंस, वरातीचं भाडं घेतलंस, बँकेत खातं वेगळं ठेवलंस, तर धंदा म्हणता येईल. अमुक वर्षांत नफा दाखवच, अशी अट आपल्या कायद्यात नाही. अधिकारी तुझा व्यवहार बघतो. म्हणून वही आजपासून लिही. मार्चमध्ये एका बैठकीत लिहिलेली वही ओळखू येते. बारा महिन्यांची शाई एकच असते!

दाजी म्हणतील, "ढोरं मळामा शेतस, मंग शेतीच ना?" नाही. नुसता जमिनीशी संबंध पुरत नाही, कसण्याचं मूळ काम लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच सांगून ठेवलंय. तुझी ज्वारी शेती, घोडी नव्हे.

धंदा ठरला तर उरलेला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, तोही धंद्याच्याच नफ्यातून वजा करायला आणि रिटर्न मुदतीत भरलं तरच. एका पोल्ट्रीवाल्याचं रिटर्न माझ्याच हातून चार दिवस उशिरा गेलं. पुढची दोन वर्षं त्याला नफा झाला आणि मला तोंड लपवावं लागलं.

(रेसच्या घोड्यांचा नियम वेगळा, चार वर्षांचा. पण तो कायदेशीर पैज लागते त्या घोड्यांसाठी. तुमची शिरपूर रोडवरची रेस त्यात बसत नाही.)

अजून एक. जनावरावर घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणाऱ्या किमतीची वजावट, मिळत नाही. पण धंद्यासाठी ठेवलेली पैदाशीची घोडी मेली किंवा कायमची निकामी झाली, तर खरेदीच्या किमतीतून तिचे हाती आलेले पैसे वजा जाऊन उरेल तेवढी रक्कम खर्चात धरता येते. त्यासाठी खरेदीचा कागद लागतो. तुझ्या पांढऱ्या घोडीचा कागद सापडला का, ते आधी कळव.

तुझा मामा